तीन कारखान्यांची एक रायफल

दोन भावांचे वडील वारल्यानंतर त्यांची .३०-०६ काडतुसाची रायफल नियमाप्रमाणे सोलापुरातील आमच्या बंदुकांच्या दुकानात जमा झाली होती. ती थोरल्या मुलाच्या परवान्यावर चढवायची आणि तिच्या किमतीचा निम्मा हिस्सा त्याने धाकट्याला द्यायचा, असे घरच्या वाटणीत ठरले होते. किंमत मात्र ठरत नव्हती. वडील आयुष्यभर तिला ‘विंचेस्टर’ म्हणत आले, म्हणून धाकट्याने त्या नावाला साजेशी रक्कम धरली होती. थोरल्याला कुणीतरी सांगितले होते की हे सगळे जोडकाम आहे आणि त्याला भंगारापेक्षा जास्त भाव येत नाही. दोघेही मोहोळ तालुक्यातून सकाळच्या एस.टी.ने एकत्र आले. लेखी मूल्यांकन दिल्याशिवाय ते परत जाणार नाहीत, हे त्यांच्या चेहऱ्यांवरूनच कळत होते.

रायफल अमेरिकन लष्करातून निघालेली, १९१७ च्या नमुन्याची होती. ब्रिटिशांसाठी .३०३ काडतुसाची पॅटर्न १९१४ रायफल अमेरिकेतील तीन कारखाने बनवत होते. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा तोच आराखडा .३०-०६ काडतुसासाठी बदलून त्याच कारखान्यांत सुमारे २२ लाख रायफली तयार झाल्या. विंचेस्टर, रेमिंग्टन आणि एडिस्टोन हे ते कारखाने. प्रत्येकाने लहानसहान भागांवरही आपापले डब्ल्यू, आर किंवा ई हे अक्षर ठोकले असल्यामुळे या रायफलीची चौकशी करणे एका अर्थी सोपे असते, कारण भाग स्वतःच आपले गाव सांगतो. क्रमांक मात्र रिसीव्हरवरच, म्हणजे नळी ज्यात बसते त्या मधल्या सांगाड्यावरच असतो; काडतूस आत ढकलून मागची बाजू बंद करणाऱ्या बोल्टवर नसतो. त्यामुळे ब्रिटिश रायफलीसारखे दोन्हीकडचे आकडे जुळवून निकाल देता येत नाही.

रायफल पूर्ण खोलून मी सगळे भाग पांढऱ्या कापडावर मांडले. रिसीव्हरवर एडिस्टोनचे नाव स्पष्ट होते. बोल्टवर आर आणि नेम धरण्याच्या मागच्या साईटवर डब्ल्यू होता. वडिलांचे ‘विंचेस्टर’ बहुधा त्या एका अक्षरातून आले असावे. नळीवर, माशीच्या म्हणजे पुढच्या साईटच्या मागे, पेटत्या बॉम्बच्या चिन्हाशेजारी जेए ही अक्षरे होती. याचा अर्थ नळी या तिन्हींपैकी कुणाचीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने साठ्यातल्या जुन्या रायफली दुरुस्तीला काढल्या, तेव्हा जॉन्सन ऑटोमॅटिक्स या कंपनीकडून बनवून घेतलेल्या नळ्यांपैकी ती एक होती.

थोरला लगेच म्हणाला, “बघा काका, मी म्हणत नव्हतो?” मी त्याला थांबवले, कारण अक्षरे वेगळी असणे हा पुराव्याचा अर्धाच भाग असतो. भाग कोणी आणि कुठे बदलले, हे रंग आणि झीज सांगतात. रिसीव्हर, नळी आणि बोल्ट या तिन्हींवर एकसारखा करडा, किंचित खरखरीत फॉस्फेटचा थर होता, जो त्या लष्करी दुरुस्तीत चढवला जात असे. म्हणजे ते तिन्ही लष्कराच्या एकाच दुरुस्ती डेपोत एकत्र आले होते, आणि तिथल्या कारागिराने कारखान्याचे अक्षर न पाहता गेजला, म्हणजे ठरलेल्या मापाला, उतरणारा भाग बसवला होता. सोलापुरात यंत्रमाग पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. तीन ठिकाणचे भाग बसवलेला माग चादर चांगलीच विणतो.

साईट आणि लाकडी दस्ता यांची गोष्ट निराळी निघाली. साईट काळीभोर, जुन्या निळसर पॉलिशची होती आणि तिच्या स्क्रूच्या खाचा स्क्रूड्रायव्हरने नव्हे, कशातरी बोथट पट्टीने फिरवून चेंबलेल्या होत्या. दस्त्यावर, हाताच्या पकडीपुढे, वॉर्निशखाली लाल रंगाची फिकट पट्टी दिसत होती. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात होमगार्ड या स्वयंसेवक दलाला दिलेल्या .३०-०६ रायफलींवर, त्यात चुकून .३०३ काडतूस भरले जाऊ नये म्हणून, अशी पट्टी रंगवत. त्या रायफली १९४० च्या सुमारास अमेरिकेतून गेल्या. जेए नळ्या त्यानंतरच्या. म्हणून हे लाकूड दुसऱ्याच रायफलीचे होते आणि बाजारात केव्हातरी या लोखंडावर चढले होते, असा निष्कर्ष मी काढला. डेपोतली जुळवाजुळव आणि बाजारातली जुळवाजुळव यांची किंमत मी कधीच एका तराजूत धरत नाही.

परंतु किमतीआधी रायफल सुरक्षित आहे की नाही, हे ठरवणे भाग होते. एडिस्टोनचे काही रिसीव्हर प्रमाणाबाहेर कडक झालेले असतात आणि मूळ नळ्या फार घट्ट बसवलेल्या असल्यामुळे नळी बदलताना त्यांना केसासारखी चीर जाते, हे या कामातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. इथे तर नळी बदललेलीच होती. मी रिसीव्हरचा पुढचा कडा रॉकेलमध्ये भिजवून ठेवला, नंतर कोरडा पुसून त्यावर खडूची पूड लावली. चीर असेल तर तिच्यात शिरलेले रॉकेल बाहेर झिरपून पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. दोघे भाऊ काचेच्या कपाटापाशी उभे राहून बघत होते. धाकट्याने विचारले, “रेघ आली तर?” मी सांगितले की मग वाटणीला काही उरत नाही, कारण तशी रायफल मी कुणालाच चालवू देणार नाही. भिंगाखाली सगळीकडून पाहिले. पूड कोरडीच राहिली. त्यानंतर हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली मोकळीक, मापाच्या गेजांनी तपासला. ‘गो’ गेजवर बोल्ट बंद झाला, ‘नो-गो’वर अडला. रिकामे काडतूस बाहेर फेकणाऱ्या एजेक्टरची पातळ स्प्रिंग मात्र मोडलेली होती, जी या नमुन्याची नेहमीचीच तक्रार आहे.

मूल्यांकनात मी रिसीव्हर, नळी आणि बोल्ट यांना लष्करी दुरुस्तीतून निघालेली सुस्थितीतील एडिस्टोन म्हणून पूर्ण भाव लावला. सर्वसामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आयात करणे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे, त्यामुळे आपल्याकडे चालू स्थितीतल्या अशा रायफलीला तिच्या नळीमुळे आणि नेमामुळे गिऱ्हाईक मिळते. सगळी अक्षरे एकच असण्यासाठी जास्त पैसे मोजणारा संग्राहक इथे विरळा. दस्ता व साईट यांच्यापोटी वजावट केली आणि स्प्रिंगचा खर्च वेगळा दाखवला. विंचेस्टर या नावाचा एक रुपयाही धरला नाही.

धाकटा बराच वेळ कागद वाचत बसला. “बाबा खोटं सांगत नव्हते ना, काका?” असे त्याने विचारले, तेव्हा मी त्याला साईटवरचे डब्ल्यू भिंगातून दाखवले. थोरल्याने आकडा मान्य केला, रक्कम दोन हप्त्यांत द्यायचे कबूल केले आणि दस्ता घासून नवे पॉलिश करून देण्याबद्दल विचारले. ते काम मी घेतले नाही. लाल पट्टी घासली गेली तर त्या लाकडाची एकमेव ओळख जाईल, असे त्याला सांगितले आणि परवान्यावर नोंद होईपर्यंत रायफल नव्या स्प्रिंगसह दुकानाच्या तिजोरीत ठेवली.