सायलेन्सरातनं निघाली कृष्णामाई

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. शटर उघडून अजून अगरबत्तीपण लावली नव्हती तोवर एक पोरगा रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० ढकलत दारात, घामाघूम, आणि टाकीवर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं आडवं ठेवलेलं. मला वाटलं पेट्रोल संपलं असेल. तर म्हणतो, "मामा, चालू होतीय पण ओढत नाही, चाळीसच्या वर गेली की गुदमरते आणि चौकात बंद पडते. कंपनीचा सायलेन्सर इंजिनला श्वास घेऊ देत नाही म्हणं, म्हणून हा फ्री फ्लो, मोकळा सायलेन्सर, आणलाय. बसवून द्या."

"कोण म्हणतं?"

"मोबाईलवर बघितलं."

आता मोबाईलपुढं आपण काय बोलणार. गोणपाट सोडलं, आत काळा कुळकुळीत पाईप, साडेचार हजाराला घेतलेला, आतली डीबी किलरची, म्हणजे आवाज कमी करणारी, जाळी वेगळी पिशवीत. म्हणजे ती लावायचीच नाही हे आधीच ठरलेलं.

गाडीची हिस्ट्री विचारली तर पोरगं खुललं. २०१२ चं मॉडेल, त्याच्या खऱ्या मामाची गाडी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा घर गावभागात, सगळे जीव घेऊन वरच्या मजल्यावर आणि गाडी खाली पार्किंगमध्ये. आमच्या सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ च्या वर गेलेलं, म्हणजे गाडी आरशासकट कितीतरी दिवस पाण्यात. नंतर मामानं तिच्याकडं बघायचंच सोडलं, ताडपत्री टाकली आणि विषय संपला. ह्या पठ्ठ्यानं त्या मे महिन्याच्या आधीच्या थंडीत ती बाहेर काढून तीन वेळा ऑईल बदललं, टाकी धुतली, कार्बोरेटर उघडून साफ केला, प्लग, केबल, बॅटरी सगळं नवीन. आणि चालू केली. कॉलेजच्या पोराच्या मानानं काम एक नंबर केलेलं, उगाच नाव ठेवणार नाही.

मी गाडी चालू केली आणि सवयीनं सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला. एवढं साडेतीनशे सीसीचं धूड, तळहाताला दणका बसायला पाहिजे, तर म्हातारं माणूस फुंकर मारतंय असा वारा. तिथंच डोक्यात यायला पाहिजे होतं. आलंपण, खोटं कशाला बोलू, पण म्हणलं काढायचा तर आहेच, काढल्यावर बघू.

काढायचा म्हणलं पण निघतोय कुठं. बेंड पाईप, म्हणजे इंजिनातनं सायलेन्सरकडं जाणारी वाकडी नळी, इंजिनच्या हेडला दोन स्टडवर, म्हणजे हेडमध्ये रुतवलेल्या आट्यांच्या दांड्यांवर बसतो, वरनं दोन नट. आधी डिझेल मारलं, चहा पिऊन आलो, परत मारलं. पहिला नट कुरकुरत आला. दुसऱ्याला रिंग पाना लावला, हळूच ताकद दिली, पाना फिरला, मी खूश. आणि दुसऱ्याच क्षणाला हाताला कळलं की हे नट फिरल्याचं फिरणं नाही, हे मऊ फिरणं आहे. ज्यांनी स्टड तोडलेत त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. हेडच्या तोंडापासून जेमतेम तीन-चार मिमी बाहेर ठेवून स्टड तुटला.

पोरगं बघतंय माझ्याकडं, मी बघतोय स्टडकडं. हेड ॲल्युमिनियमचं, स्टड लोखंडाचा, मधी गंज. ड्रिल मारून इझी-आऊट, म्हणजे तुटका स्टड काढायचा उलट्या आट्यांचा दांडा, घालायचं तर ड्रिल जरा तिरकं गेलं की हेडमधले आटेच जातात, आणि इझी-आऊट आत तुटलं तर मग देवच वाली, कारण ते ड्रिलनं कापतपण नाही. म्हणून समोरच्या वेल्डिंगवाल्याला हाक मारली. बॅटरीच्या वायरी सोडल्या, टाकी काढून लांब ठेवली, तुटक्या स्टडवर एक मोठा नट बसवला आणि त्यानं नटाच्या भोकातनं टाका मारला. नट आणि स्टड एकजीव. ह्याच्यात गंमत अशी की वेल्डिंगच्या गरमीनं गंजाची पकड सुटते, आणि ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं. लाली जाईपर्यंत थांबलो, मग पान्यानं थोडं पुढं, थोडं मागं, थोडं पुढं, असं करत करत तिसऱ्या मिनिटाला तो आला. आटे शाबूत! वेल्डिंगवाला दोनशे घेऊन गेला, दोन हजार मागितले असते तरी दिले असते.

मग बेंड पाईप आणि सायलेन्सर काढून हातात घेतला तर जड. म्हणजे हा सायलेन्सर जडच असतो, पण असा नाही. तोंड खाली करून लाकडी हातोडीनं दोन ठोके मारले आणि फरशीवर भसकन माती पडली. काळी, भाजलेली, वाटीभर. परत ठोकलं, परत वाटीभर. पोरगं उकिडवं बसून बघतंय. त्या मातीत बोटाच्या पेराएवढा एक शंख, नदीकाठच्या गोगलगायीचा, पांढराफटक. त्यानं उचलला तर चुन्यासारखा भुगा झाला हातात. पुराचा गाळ एवढी वर्षं आतल्या पडद्यांमध्ये बसून, मधल्या नळ्यांची भोकं बुजून, वरनं परत भाजून पक्का झालेला. इंजिन बिचारं श्वास सोडायला जागा शोधत होतं आणि ह्यानं नावं ठेवली कंपनीला.

दुपारपर्यंत पाणी भरून ठेवणे, हलवणे, ओतणे, कॉम्प्रेसरनं उलटी हवा मारणे, असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी पाणी स्वच्छ यायला लागलं. नवे स्टड, कॉपर ग्रीस लावून, नवीन पॅकिंग. पॅकिंग जुनंच घातलं की तिथनं हवा खाते आणि ॲक्सिलेटर सोडला की फटफट वाजतं, मग लोक कार्बोरेटर पिळत बसतात.

चक्कर मारून आलं पोरगं. कोल्हापूर रोडला ऐंशीला गेली म्हणाला, हसू मावत नव्हतं तोंडात. मी म्हणलं झालं काम. तर गप्प उभं राहिलं जरा वेळ, आणि गोणपाटाकडं बघत, "मामा, एकदा ऐकूया का फक्त?"

काय सांगू, मलापण ऐकायचा होता. लावला, बिनजाळीचा, आणि किक मारली. शेजारच्या दुकानाची काच थरथरली, वरच्या मजल्यावरनं पेन्शनर काकांनी खिडकी उघडली आणि जे काही बोलले ते इथं लिहिता येणार नाही. मी चावी काढून घेतली. १७५ सीसीच्या वरच्या गाडीला कंपनीतनं निघताना ८० डेसिबलची मर्यादा असते, आणि पकडलं तर २०१९ पासून दंड १० हजारापर्यंत जाऊ शकतो, म्हणजे दोन पाईप आले त्यात. शिवाय पोलीस असले सायलेन्सर रस्त्यावर मांडून वरनं रोडरोलर फिरवतात ते फोटो त्यानं मोबाईलवर बघितलेच असणार. तेवढं मात्र मोबाईलवरचं खरं आहे.

कंपनीचाच परत लावून दिला. सातशे रुपये घेतले, वेल्डिंगसकट.

नवा पाईप त्याच गोणपाटात माझ्याकडं खुंटीला लटकलाय. दर रविवारी फोन येतो, "मामा, गिऱ्हाईक मिळालं का?" मी म्हणतो बघतोय रे. मग जरा थांबून विचारतो, "विकू नका लगेच, जाळी लावून किती आवाज येतो बघूया का एकदा?"