मालक कोण? एका रकान्यात अडकलेले आमचे पाच महिने

परवा आमच्या ट्रस्टच्या गुंतवणूक खात्यात पहिला व्यवहार एकदाचा झाला आणि तरी माझा राग काही गेलेला नाही, म्हणून लिहून टाकतेय. राग बाजारावर नाहीये, एका फॉर्मवर आहे. तुमच्यापैकी कोणी एखाद्या संस्थेचे विश्वस्त असाल आणि कॉर्पस (म्हणजे मूळ निधी) एफडीतून बाहेर काढायचा विचार चालू असेल तर हे वाचा.

आमचा ट्रस्ट छोटा आहे, सात विश्वस्त, सगळे बिनपगारी, काम एकच, शिष्यवृत्त्या देणं. मी खजिनदार. मूळ निधी वर्षानुवर्षं एफडीत पडून होता, व्याज येईल तेवढं वाटायचं. महागाई 5 टक्के धरली तरी साधारण 14 वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते, म्हणजे पासबुकात आकडा तोच दिसतो पण त्यात शिकणारी मुलं निम्मी होतात. हे मी दोन बैठकांत मांडलं, तरी ज्येष्ठ विश्वस्तांचं एकच, मुद्दल सुरक्षित आहे ना, मग झालं. त्यांना पटलं ते नोबेलच्या उदाहरणाने. नोबेल यांनी मृत्युपत्रात पैसे 'सुरक्षित रोख्यांत' गुंतवा असं लिहिलं होतं, 1901 मध्ये बक्षिसं सुरू झाली आणि पुढे कित्येक दशकं त्या सुरक्षिततेपायी बक्षिसाची खरी किंमत झिजत गेली, शेवटी 1953 मध्ये स्वीडनच्या सरकारने त्यांना शेअर्समध्येही गुंतवायची मोकळीक दिली. हे ऐकल्यावर आमचे सगळ्यात कडक विश्वस्त म्हणाले, मग आपण का थांबलोय? त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

गुंतवणुकीची पॉलिसी लिहायला वेळ लागला नाही. दरवर्षी किती खर्च करायचा ते आधी ठरवा, बाकी सगळं त्यावरून ठरतं. आम्ही मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निधीच्या 4 टक्के ठरवले, सरासरी अशासाठी की एक वर्ष बाजार पडला म्हणून मुलांची फी अर्ध्यात थांबू नये. येलसारख्या मोठ्या विद्यापीठाच्या निधीतही तत्त्व हेच आहे, मागच्या वर्षीच्या खर्चाला जास्त वजन आणि निधीच्या आजच्या किमतीला कमी. दोन वर्षांचा खर्च एफडीत आणि बाकीचा इंडेक्स फंड (शेअर बाजाराच्या निर्देशांकातले सगळे शेअर्स घेणारा फंड) आणि रोख्यांत, एवढं साधं ठेवलं.

आणि मग खातं उघडायचा फॉर्म आला.

त्यात एक रकाना होता, 25 टक्के किंवा जास्त मालकी असलेल्या व्यक्तींची नावं. ट्रस्टला असं कोण असणार? मी 'लागू नाही' लिहिलं. तीन आठवड्यांनी फॉर्म परत, रकाना रिकामा ठेवता येत नाही. मग सातही विश्वस्तांची नावं लिहून पुढे शून्य टक्के टाकलं, तर ऑनलाइन फॉर्म शून्य घेईच ना. फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, मॅडम अध्यक्षांचं नाव टाका आणि 100 टक्के लिहा, म्हणजे सिस्टम पुढे जाईल. मी जागच्या जागी नाही म्हटलं. सही करून असं खोटं लिहून द्यायचं म्हणजे उद्या अध्यक्षांच्या वारसांनी हक्क सांगितला, किंवा कर खात्याने ते त्यांचं वैयक्तिक उत्पन्न धरलं तर काय उत्तर देणार? धर्मादाय पैशाला मालक नसतो, विश्वस्त असतात, आणि हे ज्यांच्या ऑफिसात संस्थांचे पैसे सांभाळले जातात त्यांना माहीत असायला हवं असं मला अजूनही वाटतं.

दोन महिने याच्यातच गेले. दर फोनला नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. एकदा तर विश्वस्तांच्या बैठकीचा ठराव परत आला, कारण त्यात 'गुंतवणूक करणे' असं होतं पण 'खाते उघडणे व चालवणे' असे शब्द नव्हते. त्यासाठी परत बैठक, परत इतिवृत्त, परत सह्या. (तुमच्या ठरावात हे दोन्ही शब्द पहिल्यापासून घाला, आणि कोण दोघं सही करणार तेही नावानिशी लिहा.) तोवर सगळा पैसा बचत खात्यात, कारण एफडी मी आधीच मोडून बसले होते. ही माझी चूक, आणि ती मला अजून टोचते. खातं चालू झाल्याशिवाय एफडी मोडू नका.

शेवटी मी हट्टाने वरच्या अधिकाऱ्यांची वेळ मागून घेतली, प्रत्यक्ष जाऊन बसले आणि ट्रस्ट डीड, म्हणजे ट्रस्टच्या स्थापनेचा दस्त, समोर ठेवलं. त्या बाईंनी पाच मिनिटं वाचलं आणि म्हणाल्या, अहो, हा कंपनीचा फॉर्म दिलाय तुम्हाला, ट्रस्टचा वेगळा असतो. पाच मिनिटं! त्या फॉर्ममध्ये टक्के विचारतच नाहीत. संस्थापक कोण, विश्वस्त कोण, लाभार्थी कोण असे रकाने. लाभार्थींची एकेक नावंही लागत नाहीत, गट लिहिला तरी चालतो, आम्ही 'शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थी' लिहिलं. मनी लाँडरिंग रोखायचे आंतरराष्ट्रीय निकषही ट्रस्टसाठी हेच विचारतात, म्हणजे यात विशेष सवलत काही नव्हती, फक्त योग्य कागद कोणीतरी द्यायला हवा होता.

तरी संस्थापकांच्या ओळखपत्रावर गाडी अडलीच. ते जाऊन कित्येक वर्षं झाली, मग मृत्यूचा दाखला शोधला, त्यांच्या नातीने ट्रंकेतून काढून दिला. त्यांच्याच पैशासाठी त्यांचा दाखला हातात धरताना कसंतरी झालं. कर-निवासाच्या (संस्था कोणत्या देशात करासाठी रहिवासी आहे त्याच्या) फॉर्मवर 'अ‍ॅक्टिव' की 'पॅसिव' असंही विचारतात, आमचं उत्पन्न व्याज-डिव्हिडंडचं म्हणून तिथला माणूस पॅसिववर खूण करायला निघाला होता, पण ना-नफा संस्थांसाठी अ‍ॅक्टिवखाली वेगळा पर्याय असतो. तो तुम्हाला लागू होतो का ते तुमच्या ऑडिटरकडून लेखी घ्या, आम्ही घेतलं. एलईआय नावाचा, संस्थेची ओळख पटवणारा 20 अक्षरांचा नंबर मागितला तर तो आधीच काढून ठेवा, दरवर्षी नूतनीकरण असतं.

एक राहिलंच. तंबाखू कंपन्या नकोत असं आम्ही पॉलिसीत लिहिलंय. एका विश्वस्तांना शंका होती की परतावा सोडायचा आपल्याला अधिकार आहे का. 2022 मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टाने असा निकाल दिलाय की विश्वस्तांनी नीट विचार करून, नफा-तोटा तोलून संस्थेच्या उद्देशाशी विसंगत गुंतवणूक टाळली तर चालतं. आपापल्या देशातला कायदा वेगळा असू शकतो, तो बघा, पण चर्चा इतिवृत्तात लिहून ठेवा हे सगळीकडे लागू आहे. शिवाय फंडातून शेअर्स घेतले की मतदानाचा हक्क सहसा फंडवाल्यांकडे जातो. त्यामुळे ते आपल्या पैशावर कुठे काय मत देतात याचा वार्षिक अहवाल मागा, आणि तो सही करायच्या आधी मागा. आम्ही त्या पाच महिन्यांत तेवढं एक काम मनासारखं केलं, तीन फंडांचे अहवाल वाचले आणि ज्यांनी मतांची कारणं लिहिली होती त्यांना निवडलं.

परवा मेसेज आला तेव्हा मी अध्यक्षांना फोन केला, त्या काही बोलल्याच नाहीत थोडा वेळ, मग म्हणाल्या, या वर्षीच्या मुलांचं काय? या वर्षीच्या मुलांना मागच्याइतकेच मिळणार आहेत, कमी नाही.

पुढच्या वार्षिक सभेत दोन विश्वस्त बदलतायत, म्हणजे केवायसी परत. ट्रस्टचा फॉर्म भरून फाइलीत लावून ठेवलाय, फक्त दोन नावं टाकायची बाकी आहेत.