तुम्ही विचारलंत म्हणून: गोडनिंबाला, म्हणजे कढीपत्त्याला, औषध का मारत नाही?

"ताई, तुमच्या गोडनिंबाचे नुसते दांडे उरलेत, औषध का नाही मारत?" दर पावसाळ्यात गल्लीतलं कोणीतरी विचारतंच. आम्ही भुसावळकडचे, अळी म्हटलं की आधी कपाशीतली बोंडअळीच आठवते, शेजारच्या काकूंनी तर शेतातला फवारणीचा पंपच आणून दिला होता. आता बोंडअळी बोंडात शिरून बसते, ती गोडनिंबावर कशाला येईल, पण हे तेव्हा मला तरी कुठे सुचलं!

खरं सांगू, पहिल्या वर्षी मीही मारणारच होते. त्याआधी आठवडाभर तर मी पानांवरच्या अळ्यांना चिमणीची घाण समजून पाणी मारत होते. काळपट, मध्ये पांढरा पट्टा, हुबेहूब शीट. एक दिवस ती घाण चालायला लागली!! लहान अळी तशी दिसते म्हणून पक्ष्यांच्या तावडीतून सुटते म्हणे. मग कात टाकत टाकत शेवटी एकदम हिरवीगार, जाडजूड, पुढे दोन डोळे वटारलेले. ते डोळे खोटे बरं का, खरं डोकं खाली दडवलेलं असतं. काडीने जरा डिवचलं तर डोक्यामागून तांबडं, जिभेसारखं दोन फाट्यांचं काहीतरी बाहेर आलं आणि असा उग्र वास सुटला की मीच मागे सरकले.

लिंबू, बेल, गोडनिंब सगळे एकाच कुळातले, त्यामुळे त्यांच्यावर लाइम बटरफ्लाय हे फुलपाखरू पण अंडी घालतं आणि कॉमन मॉरमॉन हे दुसरं फुलपाखरू पण, आणि दोघांच्या अळ्या इतक्या सारख्या की फोटो बघून मी तीनदा मत बदललं. शेवटी एक अळी फांदीसकट बरणीत ठेवली, वर ओढणीचा तुकडा बांधला. तिने कमरेला बारीक धागा बांधून घेतला, कोष केला, आणि दहाएक दिवसांनी सकाळी चहा ठेवताना बघते तर काळ्यावर पिवळे ठिपके, मागच्या पंखावर लाल डाग, शेपटी नाही. मॉरमॉनला शेपटी असते, म्हणजे हे लाइमच.

मोठं झाड पुन्हा फुटतं हो, कढीपुरती पानं मिळतातच. कुंडीतल्या छोट्या रोपावर दिसली तर पानासकट उचलून मोठ्या झाडावर ठेवते, बस.

पंप परत दिला. आता काकूच लिंबाच्या रोपाजवळून हाका मारतात, "ये गं, चिमणीने घाण केली का तुझीवाली आहे, बघून जा."