मुदत मिळते, जागा नाही

झोपडं पाडण्याच्या नोटिशीवर स्टे मागायला उभी राहिले की ओल्गा टेलिसचा निकाल, म्हणजे मुंबईतल्या फुटपाथवासीयांच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ चा निकाल, माझ्या कागदांत असतोच. गंमत म्हणजे समोरच्या वकिलांच्याही असतो.

जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं, की फुटपाथवरच्या लोकांना मुंबईतून उचलून आपापल्या गावी पाठवणार. तेही भर पावसात. उच्च न्यायालयात झोपडीवाल्यांनी ‘फुटपाथवर राहण्याचा मूलभूत हक्क आम्हाला नाही’ असं कबूल करून १५ ऑक्टोबरपर्यंतची मुदत पदरात पाडून घेतली. सर्वोच्च न्यायालयात हीच कबुली त्यांच्याविरुद्ध पुढे केली गेली. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती बाजूला सारली: मूलभूत हक्क कबुली देऊन सोडता येत नाहीत. निकालातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच, आणि युक्तिवादात तो क्वचितच कुणी वाचून दाखवतं.

सगळे वाचतात ते राज्यघटनेचं कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क. उपजीविका आणि काम यांबद्दल ३९ आणि ४१ ही मार्गदर्शक तत्त्वांची कलमं बोलतात, पण कलम ३७ म्हणतं, यांवर कोर्टात दाद मागता येणार नाही. पीठाने मग त्यांच्या आधारे २१ चाच अर्थ लावला. पोट भरण्याचं साधन काढून घेतलं तर जगण्याचा हक्क उरतो कुठे? आणि कामाजवळचा निवारा गेला की कामही जातं.

एवढं म्हणून १० जुलै १९८५ ला हातात काय पडलं? नोटीस न देता अतिक्रमण हटवू देणारं महापालिका कायद्याचं कलम ३१४ वैध. नोटीस एरवी द्यावी, पण इथे सुनावणी आमच्यासमोर झालीच आहे, असं पीठ म्हणालं. ३१ ऑक्टोबरपर्यंत पाडू नका. १९७६ च्या झोपडीगणनेचं कार्ड असलेल्यांना मालाडच्या मालवणीला किंवा दुसरीकडे जागा. मात्र ती दिल्यावरच हटवायचं, अशी अट नाही.

कोर्ट घरं बांधत नाही, मान्य. पण जागेचं आश्वासन सरकारनेच दिलं होतं. ‘आधी जागा, मग तोडकाम’ एवढं लिहायला काय हरकत होती?

कार्डाची अट गेली, पुढे ‘या तारखेआधीची झोपडी असेल तरच पात्र’ अशी १ जानेवारी १९९५ ही तारीख आली, मग २०००. माझ्या अशील बायका प्लास्टिकच्या पिशवीतून जुनी वीजबिलं काढतात आणि विचारतात, “मॅडम, किती दिवस मिळतील?” अर्जात मी पहिली मागणी पर्यायी जागेची लिहिते, दुसरी मुदतीची. मंजूर होते ती बहुतेक दुसरीच.