रेडिट सोडलं, पण पेनवाली माणसं मागे राहिली

२०२३ च्या एप्रिलमध्ये रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाने एपीआयसाठी, म्हणजे बाहेरच्या अ‍ॅपना तिथला मजकूर मिळतो त्या सोयीसाठी, पैसे आकारायचं जाहीर केलं. अपोलो या रेडिट वाचायच्या अ‍ॅपच्या निर्मात्याने आपला खर्च वर्षाला सुमारे २ कोटी डॉलरवर जाईल असं सांगितलं आणि ३० जूनला अ‍ॅप बंद केलं. १२ जूनपासून रेडिटवरची हजारो विषयवार दालनं (सबरेडिट) निषेध म्हणून बंद राहिली होती. त्याच सुमारास मी लेमी या रेडिटसारख्याच चर्चेच्या जागेवर खातं उघडलं.

लिनक्स, बातम्या, मीम्स यांची तिथे चांगली वर्दळ होती. मला मात्र हवी होती इबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, पेनांवर बोलणारी माणसं. राजमुंद्रीच्या रत्नमसारखी, ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायची आपली पेनं. शाई निम्म्याखाली गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि कागदावर अचानक थेंब पडतो. त्यावर उपाय काय, इबोनाइटचा फीड (निबखालचा, शाई पुरवणारा भाग) गरम पाण्यात धरून निबला नीट टेकेल असा बसवायचा कसा, हे मी रेडिटवरच शिकले. कुणी फोटो टाकायचं, कुणी भिंगातून काढलेला निबचा फोटो मागायचं, आणि दुरुस्ती होईपर्यंत चर्चेचा धागा चालू राहायचा.

लेमीवर शोधलं तर काहीच दिसेना. मग कळलं की लेमी म्हणजे एकमेकांशी बोलणारे अनेक सर्व्हर. दुसऱ्या सर्व्हरवरची कम्युनिटी, म्हणजे एका विषयाचा गट, आपल्या सर्व्हरला माहीतच नसते, निदान कुणीतरी तिचा पूर्ण पत्ता टाकून शोधेपर्यंत. त्यामुळे नाव टाकून थांबू नका, पूर्ण पत्ता टाका. सर्व्हरसकट. मग ती उघडते, तिथे सदस्य व्हायचं, आणि त्यानंतरच्या पोस्ट येऊ लागतात. जुन्या पोस्ट बहुतेक येत नाहीत, त्या मूळ सर्व्हरवर जाऊन वाचाव्या लागतात. एकाच विषयाच्या दोन-तीन कम्युनिटी निघाल्या तर जिथे माणसं उत्तरं देतात ती निवडायची, सदस्यसंख्येला भुलायचं नाही.

पेनांची कम्युनिटी सापडली. पण रोजच्या शाईचे फोटो आणि नव्या खरेदी यापुढे गप्पा जाईनात. याचं मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. लाखांच्या गर्दीत इबोनाइटचे फीड तासणारे मोजके लोक भेटतात. गर्दी शंभरपट लहान झाली की त्यातलं कुणीही उरत नाही. शिवाय वर्षानुवर्षांची उत्तरं आपल्याबरोबर येत नाहीत.

म्हणून जुने धागे मी खात्याशिवाय ब्राउझरमध्ये वाचते, आणि त्यातून जे करून पाहिलं ते लेमीवर स्वतःच्या शब्दांत, फोटोंसकट लिहिते. प्रश्न विचारण्यापेक्षा अशा सविस्तर पोस्टवर लोक जास्त बोलतात, असं माझ्या लक्षात आलं. फीड गरम करण्याच्या पोस्टखाली एकाने पाणी किती तापवायचं ते विचारलं, दुसऱ्याने प्लास्टिकच्या फीडवर हा प्रयोग करू नका म्हणून बजावलं. तासण्याबद्दल जाणकार अजून कुणी आलेलं नाही. पुढची पोस्ट त्यावरच लिहितेय.