आमची वाटचाल : ग्रिलपासून टोकण यंत्रापर्यंत

पुणे-नाशिक रस्त्याला नारायणगावच्या आसपास दोन्ही हातांना भाजीपाल्याचेच प्लॉट दिसतात. आमचं वर्कशॉप याच पट्ट्यातलं. वडिलांच्या काळात खिडकीचं ग्रिल, ट्रॉलीचं फाळकं, कडबाकुट्टीची पाती, मोडलेली पाभर, जे दारात येईल ते व्हायचं. एक वेल्डिंग मशीन, एक जुनं लेथ आणि उधारीची वही एवढंच भांडवल. आज आम्ही हाताने ढकलायची टोकण यंत्रं, म्हणजे ओळीत ठरावीक अंतरावर बी पेरणारी यंत्रं बनवतो, आणि ग्रिलवाल्याला शेजारच्या दुकानाचा रस्ता दाखवतो.

या धंद्यात आम्ही आलो ते दुरुस्तीच्या वाटेने. बाजारात चोची बसवलेलं गोल टोकण यंत्र आलं होतं. चोच मातीत घुसते, उघडते, दाणा सोडून बाहेर येते. मका, भुईमूग, सोयाबीनला झकास. पण मजुरीला वैतागलेल्या लोकांनी त्यात कांद्याचं, गाजराचं बी भरलं आणि चोची बुजलेली यंत्रं आमच्या दारात रांगेने येऊन पडली. कांद्याच्या एका ग्रॅममध्ये अडीचशे-तीनशे बिया, गाजराच्या त्याहून दुप्पट-तिप्पट, आणि भेंडीच्या जेमतेम पंधरा-सोळा. मक्याच्या दाण्याच्या मापाने घडवलेल्या यंत्राला हे झेपणार कुठून?

ढकलत न्यायचं पेरणी यंत्र ही काही आमची अक्कल नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एस. एल. ॲलन कंपनीने एकोणिसाव्या शतकातच 'प्लॅनेट ज्युनिअर' या नावाने ते मळेवाल्यांना विकलं. ढोबळ रचना आजही तीच, बी सोडायची तऱ्हा तेवढी वेगळी. आमच्या यंत्राचं असं. पुढे एक चाक, मागे एक चाक, मध्ये बियांची पेटी. पुढचं चाक फिरलं की पेटीतली खाचांची चकती फिरते, एकेक बी उचलते आणि नळीतून फाळाने पाडलेल्या चरीत सोडते. मागून घसटत येणारी साखळी माती ओढते, मागचं चाक ती दाबतं. बाजूची सळई पुढच्या ओळीची रेघ आखत जाते. मोटर नाही, पेट्रोल नाही. पोराला एकदा दाखवलं की तोसुद्धा चालवतो.

हिशेबही सोपा आहे. आमचं चाक तीस सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे एका फेऱ्यात साधारण चौऱ्याण्णव सेंटिमीटर अंतर. चाक आणि चकती बरोबरीने फिरत असतील तर सहा खाचांच्या चकतीने पंधरा सेंटिमीटरच्या आसपास एक बी पडतं, बारा खाचांनी आठच्या आसपास. दहा गुंठ्यांत एक-एक फुटावर ओळी धरल्या तर एकूण ओळ भरते सव्वातीन किलोमीटरच्या पुढे. रमतगमत ढकललं तरी सकाळची न्याहारी व्हायच्या आत बरंचसं रान उरकतं. तेच काम बसून, सरकत, चिमटीने टोकायचं म्हटलं तर किती बायका लावाव्या लागतात, हे मळा करणाऱ्याला सांगायला नको.

सांगाडा तयार व्हायला आम्हाला फार दिवस लागले नाहीत. चकतीने मात्र जीव काढला, आणि खरं सांगायचं तर आमचा धंदा आजही चकतीवरच उभा आहे. लोक यंत्र एकदाच घेतात, चकत्या घ्यायला पुन्हा पुन्हा येतात. कांद्याचं बी काळं, कोनदार, खाचेत आडवं बसलं की बसलंच. गाजराच्या बियाला बारीक केस. ते हाताने चोळून काढल्याशिवाय बी एकमेकांना धरून बसतं. धणे तर रगडून फोडी केल्यावरच पेरायचे, आणि फोडी एकसारख्या पडत नाहीत. बीट सगळ्यात लबाड. आपण ज्याला एक बी म्हणतो तो दोन-चार बियांचा गुच्छ असतो, त्यामुळे चकतीने इमानदारीने एकच उचललं तरी उगवताना झुबका येतो आणि शेतकरी म्हणतो, 'तुमचं यंत्र डबल बी टाकतंय.' बिटाची विरळणी, म्हणजे जादा रोपं उपटणं, करावीच लागते, हे आम्ही आता यंत्र देतानाच सांगतो.

सुरुवातीला नायलॉनच्या शीटवर लेथ आणि ड्रिलने खाचा पाडायचो. एक चकती जमायला अर्धा दिवस मोडायचा. मुलगा पॉलिटेक्निकला गेला आणि घरात थ्रीडी प्रिंटर आला. आता बियाचा नमुना आला की संध्याकाळपर्यंत चाचणीची चकती हातात. तिचं प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणजे उन्हात उभ्या टेम्पोच्या टपावर ती ताटासारखी वाकते. म्हणून माप पक्कं झालं की डाय करून भोसरीच्या एमआयडीसीतून नायलॉनमध्ये काढून घेतो. चकतीशेजारी एक बारीक ब्रश असतो, खाचेवर चढलेलं जादा बी झटकायला. पाहणारा त्याच्याकडे लक्षही देत नाही. दोन बिया पडतात अशी तक्रार आली की आम्ही आधी तो झिजलाय का ते बघतो.

रानाचं मात्र आमच्या हातात नाही. रोटाव्हेटर मारलेलं, भुसभुशीत, वाफशावर आलेलं, म्हणजे बेताची ओल असलेलं रान असेल तर यंत्र लोण्यासारखं चालतं. ढेकळं असतील तर फाळ उड्या मारतो. आधीच्या पिकाची धसकटं राहिली असतील तर ती फाळाला अडकून चर मोडत जाते. आणि काळं रान ओलं असताना कुणी घाई केली तर चाकाला मातीचा थर चढतो, चाक फिरायचं सोडून घसरतं आणि चकती जागेवरच. माणूस पुढे चालतोय, बी पडतच नाही. हे उगवणीशिवाय कळत नाही, म्हणून पहिल्या ओळीत दोन-तीन ठिकाणी माती उकरून बघायला सांगतो.

दांड्याची गोष्ट सांगितली पाहिजे. मंचरकडच्या एका ताईंनी यंत्र नेलं आणि आठवड्यात परत आणलं. म्हणाल्या, 'भाऊ, दांडा तुमच्या उंचीचा केलाय. मी ढकलू कुठून? मला त्याला लोंबकळायला लागतंय.' आम्ही सगळे पुरुष, चाचणीही आम्हीच घेतलेली. त्या दिवसापासून दांड्याला तीन भोकं पाडतो, बोल्ट काढून खालीवर करता येतो. आता चकतीसाठी येणाऱ्या फोनवरही बऱ्याचदा बाईचाच आवाज असतो.

२०२० च्या टाळेबंदीत धंदा बसेल असं वाटलं होतं. झालं उलटंच. गावोगावचे मजूर यायचे थांबले, पेरणी कुणासाठी थांबेना, आणि लोकांना यंत्राची आठवण झाली. त्याआधी प्रदर्शनात स्टॉल लावला की माणसं हँडल हलवून, 'बरंय' म्हणून पुढे जायची. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगरही सुरुवातीला खपत नव्हता, लोखंडाने जमिनीला विष बाधतं म्हणायचे लोक. आमच्याबाबत एवढं कुणी म्हटलं नाही, फक्त 'हाताला हातच बरा' म्हणायचे.

काहींना आम्ही स्वतःच यंत्र घेऊ नका म्हणतो. टोमॅटो, मिरची, कोबीचं संकरित बी महाग, ते ट्रेमध्ये रोप करूनच लावावं. दोन-चार वाफ्यांत मेथी फोकून होत असेल आणि जुड्या मुळासकट उपटूनच बाजारात जात असतील, तर ओळीचा फार फायदा नाही. यंत्राचे पैसे वसूल होतात ते खुरपणीत. ओळ सरळ असेल तर मधून सायकल कोळपं, म्हणजे तण काढायचं चाकाचं अवजार फिरतं, आणि भेंडी, गवार, गाजर, बीट, पेरणीच्या कांद्यात तणाचा खर्च निम्म्यावर आला असं गिऱ्हाइकं सांगतात.

सध्या गादीवाफ्यावर, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावर, एका फेऱ्यात दोन ओळी टाकणारं यंत्र करतोय. दोन पेट्या, दोन फाळ. वजन वाढतं, आणि वळवताना ठिबकची नळी अडकते. तेवढं सुटलं की विक्रीला काढू.

नवीन चकतीसाठी चमचाभर बी पाकिटात घालून पाठवलंत तरी पुरतं. पाकिटावर वाण लिहा आणि बीजप्रक्रिया केली आहे की नाही तेही लिहा. थायरम हे बुरशीनाशक चोळलेलं आणि कोरडं बी एकाच खाचेत बसत नाही.