मिक्सर बंद कर, परीक्षा चालूये!

आज सकाळी शेंगदाण्याची चटणी करायला मिक्सर लावला आणि लेक धावतच किचनमध्ये, आई बंद कर ना प्लीज, टीचरचा फोन आलाय! आम्ही टँपाला राहतो, ती शाळेत जातेच, पण बायोलॉजी फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूलमधून घेतलंय. ही राज्याची सरकारी ऑनलाइन शाळा, १९९७ पासूनची, म्हणजे आपल्याकडे सायबर कॅफेपण नव्हते धड तेव्हा, आणि फ्लोरिडातल्या मुलांना फुकट.

तर प्रत्येक मॉड्यूल संपत आलं की टीचर फोनवर तोंडी विचारतात, उत्तरं खरंच स्वतःची आहेत का ते कळायला. सासूबाई सातारहून आल्यात, त्यांना वाटलेलं ऑनलाइन म्हणजे नुसती बटणं दाबायची. आज त्या दाराआड उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. लेक पेशी विभाजन समजावत होती, मध्येच अडकली, टीचरने घाई नाही केली, थांबली, मग दुसऱ्या शब्दांत विचारलं आणि हिला आठवलं. सासूबाई म्हणतात, "अगं ही तर आमची व्हायवा!"

मला आवडलेली गोष्ट म्हणजे पोराने कोर्स नीट पूर्ण केला तरच शाळेला त्याचे सरकारी पैसे मिळतात, नुसतं नाव घालून नाही. पण रात्री साडेअकराला असाइनमेंट आठवते तेव्हा मागे लागायला शाळा नसते हो, मीच असते 😅

चटणी जाडसरच राहिली.